लिहावेसे वाटत नाही तेव्हा

लिहिण्याची इच्छा असणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. प्रत्यक्ष लिहायला बसणारी त्या मानाने थोडी. या दोहोंच्या मध्ये जे एक ओसाड रान पसरलेले आहे, त्याविषयी आज तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत. बोलण्याचा अधिकार म्हणाल तर एवढाच, की त्या रानात मी स्वतः सहा वर्षे भटकलो आहे.

तुमचाही अनुभव असाच असेल, पाहा. रविवारची सकाळ असते. आज लिहायचेच, असे रात्री ठरवून झोपलेले असता. टेबल आवरता, पेनात शाई भरता, चहा होतो. कोरा कागद पुढे येतो. मग वाटते, पहिले वाक्य जरा झोकदार हवे. ते काही सुचत नाही. मग खिडकीची फळी करकरते आहे हे ध्यानात येते. वर्तमानपत्राची आतली पाने वाचायची राहिली आहेत, हेही आठवते. अकराच्या सुमाराला आतून हाक येते, "अहो, दळण आणायचंय ना?" आणि खरे सांगायचे तर त्या हाकेने आपल्याला चीड येत नाही, सुटल्यासारखे वाटते! दळणाचा डबा सायकलला लावताना आपण मनाशी म्हणतो, आज काही मन लागत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत बघू.

आम्हा प्राध्यापकांना तर सुट्ट्या दोन. त्यामुळे आमच्या सबबीही दोन.

गंमत अशी, की दरवर्षी वर्गात मी 'काव्यहेतू' नावाचे प्रकरण शिकवतो. काव्य निर्माण व्हायला काय काय लागते, याचा आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी फार बारकाईने विचार केलेला आहे. अकराव्या शतकातला काश्मीरचा मम्मट तीन गोष्टी सांगतो : जन्मजात शक्ती, म्हणजे प्रतिभा, लोकव्यवहार आणि शास्त्रे यांच्या निरीक्षणाने येणारी निपुणता, आणि जाणत्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास. विद्यार्थी 'प्रतिभा' हा शब्द ठळक अक्षरांत लिहून घेतात आणि पुढचे दोन शब्द परीक्षेपुरते पाठ करतात. पण मम्मटाने एक खुबी केली आहे. कारणे तीन सांगून तो 'हेतू' हा शब्द मात्र एकवचनी वापरतो. म्हणजे ही तीन निरनिराळी कारणे नव्हेत. तिन्ही मिळून एकच कारण. चुलीचे तीन दगड असतात तसे. एक काढला की भांडे कलंडते.

त्याच्याही कैक शतके आधीचा दंडी याहून धीर देणारा आहे. तो म्हणतो, पूर्वसंस्कारातून येणारी ती अद्भुत प्रतिभा एखाद्याजवळ नसली तरी हरकत नाही. श्रवण आणि यत्न यांनी वाणीची उपासना केली, तर ती काही ना काही कृपा करतेच करते. ही दोन्ही मते मी कित्येक वर्षे वर्गात तावातावाने समजावून सांगितली आणि घरी येऊन मात्र स्फूर्तीची वाट पाहत बसलो.

आपल्या समर्थांचेच पाहा ना. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. एवढा मोठा कवी लिहिण्याविषयी बोलतो आहे, तेव्हा आता स्फूर्तीचे रहस्य सांगेल, अशा अपेक्षेने आपण वाचू लागतो. तर समर्थ बोलतात ते बोरूबद्दल, शाईबद्दल, कागदाबद्दल, समासाबद्दल! अक्षर वाटोळे आणि सुटे असावे, ओळींतले अंतर सारखे राखावे; तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. स्फूर्तीचा तिथे उल्लेख नाही. पूर्वी हा समास मला रुक्ष वाटे. आता वाटते, समर्थांना मन पुरते ठाऊक होते. मनाला थेट ओढायला गेले की ते अडते. हाताला काम दिले, की ते आपले आपण मागून येते.

पण नुसता हात चालून भागत नाही, तो रोज चालावा लागतो; आणि रोज तो का चालावा, याला काहीतरी टाच लागते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी त्यात क्रमशः प्रसिद्ध झाली. आज आपण ती अखंड पुस्तक म्हणून वाचतो, पण ती लिहिली गेली आठवड्याच्या हप्त्याने. अंक निघायचा तो निघणारच. मग लेखकाचे डोके दुखो की घरात पाहुणे येवोत. त्या धावपळीत हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या, हे खरे. परंतु लिहावेसे वाटेल तेव्हाच लिहायचे असे त्यांनी ठरवले असते, तर पुऱ्या झालेल्या किती हाती आल्या असत्या, कोण जाणे.

दुसरे उदाहरण आपल्या आकाशवाणीचेच देतो. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी पुणे केंद्रावरून गीतरामायणातले पहिले गीत प्रसारित झाले. गीते ग. दि. माडगूळकरांची, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवे गीत असे ते वर्षभर, म्हणजे १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत चालले. वर्षाचे आठवडे बावन्न, तेव्हा गीतेही बावन्न व्हायची. पण त्या वर्षी नेमका अधिक मास आला आणि गीते झाली छप्पन्न. म्हणजे पंचांगाने कवीला चार गीते जास्त लिहायला लावली! महाराष्ट्रातली घरेच्या घरे रेडिओपुढे वाट पाहत बसलेली असताना, या आठवड्यात काही मन लागले नाही, असे कवी कोणाला सांगणार?

तिसरा माणूस परदेशचा, अँथनी ट्रोलोप. हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात अधिकारी होता. रोज पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द असा हिशेब ठेवायचा. पहिला अर्धा तास मात्र आदल्या दिवशीचे लिहिलेले वाचण्यात घालवायचा. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी एका जुन्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देई. आणि आपल्या यशाचे श्रेय इतर कोणाहीपेक्षा याच माणसाकडे अधिक जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, त्याचे आत्मचरित्र निघाले तेव्हा हे वाचून रसिक मंडळी नाराज झाली. घड्याळ लावून कोणी साहित्य लिहिते का? पण कादंबऱ्या टिकल्या आणि नाराजी विरली.

तुम्ही म्हणाल, ही झाली मोठी माणसे. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही होते, आणि वाट पाहणारे वाचकही होते. आम्ही कोण? आमची वाट कोण पाहतो? प्रश्न रास्त आहे. म्हणून आता एका लहान माणसाची गोष्ट सांगतो. ती घरचीच आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, माण तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. मुलूख कमी पावसाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी एक वही घातली. त्याचे कारणही साधे होते. पारावर रोज वाद होई : अमक्या साली मृगाचा पाऊस कोणत्या दिवशी झाला, तमक्या साली विहिरीने तळ केव्हा गाठला. दहा माणसे, दहा तारखा. अण्णा म्हणाले, आपण लिहून ठेवू. तेव्हापासून २०१८ साली ते जाईपर्यंत रोज एक ओळ, क्वचित दोन. पर्जन्यमापक वगैरे काही नव्हते. "बोटभर ओल." "वळचण गळली." "ताली भरल्या." "वारे फार, पाऊस नाही." "विहीर दीड परस." अशा आठ वह्या. लिहावेसे वाटते की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला असेल असे मला वाटत नाही. कंदिलाची काच पुसणे आणि वहीत ओळ लिहिणे, ही संध्याकाळची दोन कामे होती. शेवटच्या दोन वह्यांत अक्षर मोठे मोठे होत गेले आहे. समर्थांचा समास त्यांनी वाचला होता की नाही, हे विचारायचे राहून गेले.

अण्णा गेल्यावर त्या वह्या माझ्याकडे आल्या. यावर पुस्तक लिहायचे, असे मी तेराव्याच्या दिवशी आईला सांगितले. एक सुंदर वही आणली. पहिल्या पानावर नाव लिहिले, दुसऱ्या पानावर अर्धा परिच्छेद. नंतर सहा वर्षे त्या वहीला मी हात लावला नाही. आई आता आमच्याकडेच असते. सणावारी विचारायची, "ह्यांच्या वह्यांचं लिवलंस का काही?" मी म्हणायचो, "सवड झाली की लिहितो, आई. त्याला मन स्वस्थ लागतं." ती बिचारी मान डोलवायची. एम. ए. झालेला मुलगा सांगतो, तेव्हा लागत असेल!

सवडीचे सोडा. सवड होती. खरी गोष्ट निराळी होती आणि ती कबूल करायला मला फार दिवस लागले. मनातले पुस्तक फार सुंदर होते. ते कागदावर उतरवू लागलो की ते उतरणारच, हे मला ठाऊक होते. दुसऱ्यांच्या पुस्तकांतले दोष वीस वर्षे वर्गात दाखवलेल्या माणसाला स्वतःचे कच्चे वाक्य बघवत नाही. तेव्हा मी ज्याला उत्साहाचा अभाव म्हणत होतो, ती मुळात भीती होती. तुमचीही अडचण कदाचित तीच असेल. नसली तर उत्तमच. पण एकदा तपासून पाहा.

२०२४ च्या दिवाळीत, सुट्टीचे पाच दिवस वाया गेल्यावर, मी सहज एक वही काढून आईजवळ बसलो. १९८६ च्या उन्हाळ्याची पाने होती. पावसाच्या नोंदीखाली एकच मजकूर पुन्हा पुन्हा आलेला : "गो., ३ पायली." महिनाभरात चार वेळा. म्हणजे त्या टंचाईत अण्णा कोणाला तरी धान्य देत होते. मी विचारले, "आई, हा गो. कोण गं?" तिने डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "नाही रे बाबा आठवत आता. गेल्या साली इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. पण माझ्या ध्यानात आले, की वह्या माझ्याकडे होत्या आणि त्यांची किल्ली आईकडे. मी स्फूर्तीची वाट पाहत होतो आणि तिकडे किल्ली झिजत होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक नेम केला. रात्रीची जेवणे झाली, की साडेआठ ते नऊ. एक तारीख घ्यायची. मी ओळ वाचायची, आईने तिला आठवेल ते बोलायचे, मी लिहून घ्यायचे. झोकदार पहिले वाक्य शोधायचे नाही. अण्णांची ओळ आपल्या हाताने उतरवून काढायची, तेच पहिले वाक्य. कित्येक दिवस पेपर तपासून डोके उठलेले असते. लिहावेसे अजिबात वाटत नाही. पण ती एक ओळ उतरवायला उत्साह लागत नाही, आणि ती उतरवली की बहुधा पुढचे येते. दहा दिवसांपैकी सात-आठ दिवस तरी असे घडते, की बसताना नसलेली गोडी पाच-दहा मिनिटांनी येते. उरलेल्या दिवशी येत नाही. त्या दिवशी वहीत फक्त तारीख आणि अण्णांची ओळ. तोही दिवस फुकट गेला असे मी आता धरत नाही.

अशीच एक तारीख निघाली, २३ ऑगस्ट १९७६. अण्णांनी लिहिले होते : "पाऊस उघडला. शाळा बंद ठेवली. विहीर दोन परस." ही ओळ मी पूर्वी पाहिलेली होती. पावसाने शाळेचे छप्पर गळले असेल, म्हणून बंद ठेवली असेल, अशी माझी समजूत. आई म्हणाली, "त्या दिवशी तुझी थोरली बहीण गेली. दीड वर्साची होती. ताप मेंदूत गेला. रात्रभर पाऊस, गाडी ओढ्याच्या अलीकडंच अडकली. सकाळी उघडला तर काय उपेग?" मला एक बहीण होती एवढेच मी ऐकून होतो. ती कोणत्या दिवशी गेली आणि अण्णांनी त्या दिवशीही वही लिहिली, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षात कळले. त्या रात्री आईने जे सांगितले, ते चार पाने भरले. सहा वर्षे मी ज्या स्फूर्तीची वाट पाहत होतो, ती या एका ओळीत दबून बसलेली होती. आणि ती वर यायला कोणीतरी कंदील घेऊन जवळ बसायची गरज होती, एवढेच.

बहिणाबाई चौधरी आपल्याला सर्वांना ठाऊक आहेत. जात्यावर, शेतात, कामाच्या ओघात त्या ओव्या म्हणत गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि घरातल्या एका आप्ताने त्या वेळोवेळी उतरवून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली त्या ओव्यांचे पुस्तक निघाले. आज आपण बहिणाबाईंच्या प्रतिभेचे गुण गातो, आणि गावेतच. पण उतरवून ठेवणाऱ्यांनी, आज काही लिहायचा मूड नाही, असे म्हटले असते तर आपल्याला त्या प्रतिभेचे नावही कळले नसते.

आता तुम्हाला उपयोगी पडेल असे काही या अनुभवातून निघते का ते पाहू. पहिली गोष्ट वेळेची. वेळ लहान धरा आणि ठरलेली धरा. अर्धा तास पुष्कळ झाला. रविवारची अख्खी सकाळ लेखनाला देणारा माणूस बहुधा ती दळणालाच देतो. दुसरी गोष्ट विषयाची. 'माझे बालपण', 'ग्रामीण जीवन' असले ऐसपैस विषय घेऊ नका. त्यांना हात घालायला जागा नसते. घरात कोनाड्यात पडलेला अडकित्ता घ्या, आजोबांच्या पेटीतली जुनी पावती घ्या, बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा घ्या. वस्तूला कडा असतात. तिथून बोटे आत शिरतात. तिसरी गोष्ट वाचणाऱ्याची. सगळ्या जगासाठी लिहायला बसू नका. एक माणूस ठरवा, ज्याला हे सांगायलाच हवे; आणि जमल्यास त्याला तसे सांगूनही ठेवा. वाट पाहणारे एक माणूस असले, की हरिभाऊंच्या अंकाचे आणि गीतरामायणाच्या प्रसारणाचे काम तेवढ्यात होते. चौथी गोष्ट ट्रोलोपची : बसल्याबरोबर नवे लिहू नका, कालचे वाचा. गाडी उतारावर लावून ठेवलेली असली की ढकलावी लागत नाही. आणि वाईट लिहिले गेले तर जाऊ द्या. वाईट पान सुधारता येते. कोऱ्या पानात काय सुधारणार?

एक मात्र सांगून ठेवतो. प्रत्येक वेळचे न लिहिणे म्हणजे आळस नव्हे. माणूस दुखण्यातून उठलेला असतो, दुःखात असतो. आमच्याकडे शेतकरी एखादे वर्ष रान पड टाकतो. ते रान विश्रांती घेत असते. पण पड टाकलेले रान आणि पडीक रान यांत फरक आहे. पड टाकलेल्या रानाकडे मालक अधूनमधून फेरी मारतो, पाळी घालतो, बांध बघतो. पडीक रानाची वाटही तो विसरतो. तुम्ही सध्या लिहीत नसाल तर एवढेच स्वतःला विचारा, की माझे रान यांपैकी कोणते?

आणि आज रात्री एक करून पाहा. घरात किंवा शेजारी जे सर्वांत वयस्कर माणूस असेल, त्याच्याजवळ बसा. एकच प्रश्न विचारा. कुठल्या एका वर्षीच्या पावसाचा विचारा, लग्नातल्या एखाद्या भांड्याचा विचारा. उत्तर येईल ते तारीख घालून चार ओळींत लिहा. चांगले लिहू नका, नुसते लिहा. उद्या पुन्हा विचारा.

आमच्या नेमाच्या आता दोन वह्या भरल्या आहेत. त्यांचे पुस्तक होईल की नाही, मला सांगता येणार नाही. 'गो.' कोण, तेही अजून उलगडलेले नाही. पण साडेआठ वाजले, की माझ्याआधी आईच चष्मा पुसत येऊन बसते आणि विचारते, "आज कुठली तारीख?"